गेम एकाचा, ड्रायव्हर सगळ्या घराच्या माथी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पुरवणीत ऑनलाइन गेममधल्या चीटिंगवर लेख आला होता. चांगला होता, एमबॉट (आपोआप नेम धरून देणारं चीट) म्हणजे काय, वॉलहॅक (भिंतीपलीकडचं दाखवणारं चीट) म्हणजे काय हे कधीच गेम न खेळणाऱ्यालाही कळेल असं लिहिलं होतं, पण शेवटाकडे अँटी-चीट, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, जितकं कडक तितकं बरं असा जो सूर लागला तो काही पटला नाही, कारण त्या कडकपणाची किंमत कोण भरतं हे त्यात कुठेच नव्हतं. म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर खुशाल कापा.

मी स्वतः शूटर गेम खेळतो आणि चीटर लोकांबद्दल मला काडीचीही सहानुभूती नाही. अख्खी मॅच जीव तोडून खेळायची आणि शेवटच्या राउंडला कोणीतरी भिंतीआडून बघत बरोबर डोक्यातच गोळी घालणार, मग खेळायचं कशाला? हे चीट सबस्क्रिप्शनवर विकले जातात, त्यांना कस्टमर सपोर्टसुद्धा असतो, रीतसर धंदा आहे तो. त्यामुळे कंपन्यांनी हातावर हात धरून बसावं असं कोणी म्हणत नाहीये.

आपण रोज वापरतो ते प्रोग्रॅम, ब्राउझर असो की गेम, ऑपरेटिंग सिस्टिमच्या वरच्या थरात चालतात, त्याला रिंग ३ म्हणतात, तिथला प्रोग्रॅम बोंबलला तर तो एकटाच बंद पडतो, बाकीचं चालू राहतं. खाली कर्नल, म्हणजे रिंग ०. मेमरी कोणाला किती द्यायची, डिस्क, कीबोर्ड, सगळा कारभार तिथून चालतो आणि तिथे गडबड झाली की थेट निळी स्क्रीन. पूर्वी अँटी-चीट वरच्याच थरात असायचं, व्हॉल्व्ह या गेम कंपनीचं व्हॅक नावाचं अँटी-चीट आजही तसंच आहे. मग चीट बनवणारे खाली उतरले. कुठल्यातरी हार्डवेअर कंपनीचा रीतसर डिजिटल सही असलेला (म्हणून विंडोज ज्यावर विश्वास ठेवतं असा) पण आतून भोकं पडलेला ड्रायव्हर, म्हणजे कर्नलमध्ये चालणारा छोटा प्रोग्रॅम, शोधायचा आणि त्या भोकातून कर्नलमध्ये शिरायचं, की वरून बघणाऱ्याला काही दिसतच नाही. त्यांच्या मागोमाग अँटी-चीट पण खाली आलं. ईझी अँटी-चीट, बॅटलआय, कॉल ऑफ ड्यूटीचं रिकोशे, ईएचं जॅव्हलिन, सगळे आता तिथेच. रायट कंपनीचं व्हॅनगार्ड २०२० ला तिच्या व्हॅलोरंट या शूटर गेमबरोबर आलं ते अजून एक पायरी पुढे, त्याचा ड्रायव्हर विंडोज सुरू होतानाच लोड होणार, कारण जो आधी पोचतो त्यालाच मागून येणारा दिसतो. लॉजिक म्हणून हे चूक नाहीये, मान्य आहे. २०२४ मध्ये तेच लीग ऑफ लेजंड्सलाही लावलं. मधेच बंद करता येतं, नाही असं नाही, पण मग परत खेळायचं तर कॉम्प्युटर रीस्टार्ट करा, त्यामुळे बंद कोण करत बसतंय.

यावर इंटरनेटवर जी ओरड होते ती बरीचशी चुकीच्या जागी होते असं माझं स्पष्ट मत आहे. लोक म्हणतात कंपनी आमचे फोटो बघेल, फाइली वाचेल. अहो, त्यासाठी कर्नल लागतच नाही! तुमच्या अकाउंटवर चालणारा कुठलाही साधा गेम तुमचं डॉक्युमेंट्स फोल्डर उघडू शकतो, स्क्रीनशॉट घेऊ शकतो, आणि कंपनीवर इतका अविश्वास असेल तर तिचा गेमच टाकू नये, अँटी-चीट तर दूरच राहिलं. मला भीती वाटते ती कंपनीचा हेतू शुद्ध असतानाही कोडमध्ये राहून जाणाऱ्या चुकीची, कारण कर्नलमधल्या चुकीवर तिसराच कोणीतरी हात मारून जातो.

आणि हे झालेलं आहे. २०१६ मध्ये कॅपकॉमने स्ट्रीट फायटर ५ च्या अपडेटमधून एक ड्रायव्हर सोडला, तो असा निघाला की मशीनवरचा कुठलाही प्रोग्रॅम त्याच्याकरवी आपला कोड कर्नलच्या अधिकारात चालवून घेऊ शकत होता, त्यासाठी प्रोसेसरमधलं एक संरक्षण तो स्वतःच बंद करायचा. बोंबाबोंब झाली, कंपनीने लगेच मागे घेतला. पण सही असलेला ड्रायव्हर एकदा बाहेर पडला की पडला, पुढे तो चीट बनवणाऱ्यांनीच कर्नलमध्ये शिरायला वापरला. चीटिंग थांबवायला आणलेला ड्रायव्हर! त्याहून वाईट गोष्ट गेनशिन इम्पॅक्टच्या अँटी-चीट ड्रायव्हरची. ऑगस्ट २०२२ मध्ये ट्रेंड मायक्रो या सुरक्षा कंपनीने दाखवून दिलं की रॅन्समवेअर (फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या) टोळीने तो ड्रायव्हर वापरून आधी अँटीव्हायरस मारला आणि मग फाइली लॉक केल्या. यात त्या मशीनवर गेम असायचीही गरज नव्हती, हल्लेखोर ड्रायव्हर स्वतःबरोबर घेऊन आले, सही खरी असल्यामुळे विंडोजने त्याला आत घेतलं. म्हणजे ज्याने आयुष्यात गेम खेळला नाही त्यालाही याचा फटका.

हेतूच खराब असल्याचं एक प्रकरण पण आहे, २०१३ चं. ईएसईए नावाच्या काउंटर-स्ट्राइक लीगच्या अँटी-चीट क्लायंटमध्ये आतल्याच माणसाने बिटकॉइन मायनिंगचा कोड घुसवला, सुमारे १४,००० कॉम्प्युटर मालकांना पत्ता न लागता कोणासाठी तरी नाणी काढत बसले, पुढे न्यू जर्सी राज्याबरोबर १० लाख डॉलरचं सेटलमेंट करावं लागलं. रक्कम सोडा हो, काळ सोकावतो हे वाईट.

साध्या चुकीने काय होतं ते १९ जुलै २०२४ ला सगळ्या जगाने बघितलंच. क्राउडस्ट्राइक काही गेमवालं सॉफ्टवेअर नाही, ऑफिसांमध्ये लागणारं सिक्युरिटीचं आहे, पण तेही कर्नलमध्ये बसतं. एक सदोष अपडेट गेलं आणि सुमारे ८५ लाख विंडोज मशीन आडवी, विमानं जमिनीवर, हॉस्पिटलं कागदावर. त्यानंतर मायक्रोसॉफ्ट स्वतः सिक्युरिटी कंपन्यांना कर्नलच्या बाहेर काढायच्या मागे लागलीये. ज्यांचं पोटच सुरक्षेवर आहे त्यांना बाहेर यायला सांगतायत, आणि आपण टाइमपासच्या गेमला आत बसवतोय!

आता घरातली गोष्ट, जी तुमच्या लेखात यायला हवी होती असं मला वाटतं. कितीतरी घरांत कॉम्प्युटर एकच असतो, त्यावर मुलगा गेम खेळतो, आई ऑफिसचं काम करते, बाबा बँकेचे व्यवहार करतात. गेम टाकताना पोरगा धडाधड नेक्स्ट नेक्स्ट करत जातो, एकदा अॅडमिनचा यस मागतात तो देतो, संपलं. त्याने स्वतःसाठी यस म्हटलं ठीक आहे, पण ड्रायव्हर काही त्याच्या अकाउंटपुरता राहत नाही, कर्नल सगळ्यांचा एकच असतो. आई सकाळी तिच्या लॉगिनने मशीन चालू करते तेव्हाही तो ड्रायव्हर तिथे लोड झालेला असू शकतो, तिला त्या गेमचं नावसुद्धा माहीत नसतं. तिची परवानगी कोणी घेतली?

त्यात आता सिक्युअर बूटची भर, म्हणजे मशीन सुरू होताना फक्त सही असलेलंच सॉफ्टवेअर चालू देणारी सोय. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षा चिप) आणि सिक्युअर बूट लागतं, बॅटलफील्ड ६ लाही सिक्युअर बूट लागतं. चालू केलेलं वाईट नाही, उलट सुरक्षेला बरंच आहे, पण ते चालू करायला पोरं व्हिडिओ बघून बायोसमध्ये (विंडोजच्याही आधी चालणाऱ्या मशीनच्या सेटिंगमध्ये) शिरतात आणि काहीबाही बदलून बसतात, मग कधी मशीन बूटच होत नाही, तर कधी बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, ४८ आकडी रिकव्हरी की मागतं जी कोणाकडेच नसते. माझ्याकडे ओळखीतले लोक कॉम्प्युटर घेऊन येतात त्यात हा प्रकार बघितलाय. आणि एका गेमचा (नाव घेत नाही) ड्रायव्हर गेम अनइन्स्टॉल केल्यावरही तसाच ठाण मांडून होता, हाताने काढावा लागला, ज्याचा कॉम्प्युटर होता त्याला तो आहे हेच ठाऊक नव्हतं.

बरं, एवढं करून चीटिंग संपलं का? कमी झालं, खरं आहे, चीट महाग झाले, हौशी लोक बाहेर पडले. पण ज्यांच्याकडे पैसा आहे ते आता डीएमए कार्ड वापरतात, म्हणजे मदरबोर्डच्या स्लॉटमध्ये एक कार्ड बसवायचं, ते प्रोसेसरला न विचारता मेमरी वाचतं आणि शेजारच्या दुसऱ्या कॉम्प्युटरला पाठवतं. गेमच्या मशीनवर चीटचं सॉफ्टवेअरच नाही, मग कर्नलमध्ये बसून शोधणार काय? त्यावरही उपाय निघतायत, आयओएमएमयू (अशा कार्डांना मेमरीचा कुठला भाग द्यायचा ते ठरवणारी हार्डवेअरची सोय) चालू करा, बायोस अपडेट करा, म्हणजे पुन्हा आपल्याच मशीनमध्ये अजून खोल. चोर सोडून संन्याशाला सुळी असला प्रकार व्हायला लागलाय.

सर्व्हरकडून, म्हणजे कंपनीच्या स्वतःच्या मशीनकडून, करता येण्यासारखं बरंच आहे. व्हॅलोरंटमध्येच प्रतिस्पर्धी दिसायच्या बेतात येईपर्यंत त्याची जागा सर्व्हर तुमच्या मशीनला पाठवतच नाही, जे आलंच नाही ते वॉलहॅक दाखवणार कुठून. एमबॉटला याने आळा बसत नाही हे मला कळतं, म्हणून कर्नलवाल्यांवर सरसकट बंदी घाला असं मी म्हणत नाही. गेम बंद तर ड्रायव्हर बंद, गेम काढला तर ड्रायव्हर पण मुळासकट गेला पाहिजे, आणि विकत घेण्याआधी ठळक सांगितलं पाहिजे, एवढं जरी झालं तरी पुष्कळ. लोकांनी धरून लावलं की कंपन्या ऐकतात, मे २०२० मध्ये डूम इटर्नल या गेमला डेनुव्हो कंपनीचं अँटी-चीट लावलं होतं ते आरडाओरडा झाल्यावर थोड्याच दिवसांत काढलं. आणि ऑक्टोबर २०२४ पासून स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाने गेममध्ये कर्नलवालं अँटी-चीट असेल तर तसं पानावर लिहिणं सक्तीचं केलंय. पण ते वाचणार खेळणारा, घरातले बाकीचे नाही.

तेव्हा तुम्हाला एकच विनंती. तुमच्या पुरवणीत नव्या गेमची ओळख येते, त्यात ग्राफिक्स कसे, कहाणी कशी, वयोमर्यादा किती हे सगळं असतं. त्याच चौकटीत अजून एक ओळ टाका, या गेमबरोबर कर्नल ड्रायव्हर येतो का, गेम बंद असताना तो चालू राहतो का, आणि काढायचा कसा. पेपर घरातले सगळेच वाचतात.

कळावे,
तुमचा एक नियमित वाचक