किन्शासाच्या स्टेडियममागचे फादर राफाएल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुहम्मद अली आणि जॉर्ज फोरमन यांच्या १९७४ च्या बॉक्सिंग लढतीवरचा आपल्या क्रीडा पुरवणीतला लेख आवडला. पण ती लढत जिथे झाली, ते काँगोतल्या किन्शासाचे स्टेडियम उभारणाऱ्या माणसाचा त्यात उल्लेखही नाही, याची रुखरुख लागली. आज ते त्यांच्याच नावाने ओळखले जाते: स्ताद ताता राफाएल.

फादर राफाएल द ला केतुल १८९० साली बेल्जियममध्ये जन्मले. मिशनरी म्हणून १९१७ मध्ये, तेव्हा बेल्जियमची वसाहत असलेल्या काँगोत गेले आणि लिओपोल्डव्हिलच्या (आताचे किन्शासा) आफ्रिकी वस्तीत शाळा चालवता चालवता त्यांनी पोरांच्या हाती फुटबॉल दिला. १९१९ मध्ये क्रीडा संघटना, १९३६ मध्ये डेअरिंग क्लब हा फुटबॉल संघ आणि १९५२ मध्ये हे भव्य स्टेडियम. डेअरिंग क्लब आजही खेळतो. एका माणसाने एवढे उभे करावे, हे खेळ शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माझ्यासारख्याला थक्क करते.

वसाहतीच्या सरकारला खेळ हवा होता तो कामगारांचा मोकळा वेळ ताब्यात राहावा म्हणून. घडले वेगळेच. ४ जानेवारी १९५९, रविवार. स्वातंत्र्य मागणाऱ्या आबाको या काँगोली पक्षाच्या सभेला मनाई झाल्याने लोक खवळले होते. त्यातच याच स्टेडियममधून सामना पाहून बाहेर पडलेला जमाव त्यांना मिळाला. दंगल पेटली, कित्येकांचे प्राण गेले. नऊ दिवसांनी बेल्जियमच्या राजाला स्वातंत्र्याचे आश्वासन द्यावे लागले. फादर राफाएल १९५६ मध्येच वारले होते.

त्यांच्या माजी विद्यार्थी संघटनेचेही तसेच. १९२५ मध्ये स्थापन झालेल्या या संघटनेत सभा घेणे, पदे सांभाळणे, भाषण करणे काँगोली तरुण शिकले. तिचे अध्यक्ष राहिलेले जाँ बोलिकांगो १९६० मध्ये राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उभे होते.

आपण फादर राफाएल यांच्यावर स्वतंत्र लेख छापावा, ही विनंती. त्यात कौतुकाबरोबर हेही यावे, की काँगोत मिशनच्या प्राथमिक शाळा गावोगावी असल्या तरी पहिले विद्यापीठ १९५४ मध्ये आले, आणि १९६० ला देश स्वतंत्र झाला तेव्हा पदवीधर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच होते.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कोल्हापूर