उंदराची पोटदुखी मोजली कशी?

संपादक महोदय,

अमुक अर्काने उंदरांची पोटदुखी थांबली, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. ती दुखी मोजली कशी, हे मात्र त्यात नसते, आणि मेख तिथेच असते.

ठाणे-नवी मुंबईतल्या कुठल्याही फार्मसी कॉलेजात विचारा, ‘रायदिंग टेस्ट’ सगळ्यांना पाठ असते. पांढऱ्या उंदराच्या पोटाच्या पोकळीत ०.६ टक्के ॲसेटिक ॲसिड टोचायचे, १० ग्रॅम वजनामागे ०.१ मिली. पाच मिनिटे थांबून पुढची १५-२० मिनिटे तो किती वेळा अंग पिळवटतो, मागचे पाय ताणतो, ते मोजायचे. स्वस्त आणि झटपट. पण हे ॲसिड आतड्याच्या आत जातच नाही, ते झोंबते पोकळीच्या अस्तराला. शिवाय गुंगी आणणारी, स्नायू ढिले करणारी औषधेही हा आकडा खाली आणतात. पेंगुळलेला उंदीर पिळवटणार कसा? म्हणून त्याच मात्रेवर उंदीर फिरत्या दांडीवर टिकतो का, हे तपासावे लागते. टिकला नाही तर आकडा बाद.

आतड्याची वेदना वेगळीच. कोलोनोस्कोपीत, म्हणजे नळी घालून मोठे आतडे आतून पाहताना, तपासणीसाठी आतून तुकडा काढला तरी रुग्णाला कळत नाही. कळ येते ती नळीचे वेटोळे होऊन आतडे ताणले की, किंवा हवा भरली की. म्हणून खरा प्रयोग फुग्याचा. नेस आणि गेबहार्ट या संशोधकांनी १९८८ मध्ये तो मोठ्या उंदरांवर, म्हणजे रॅटवर, नीट बसवून दिला. मोठ्या आतड्यात फुगा सरकवून ठरावीक दाबाने २० सेकंद फुगवायचा, पारा ८० मिलिमीटरपर्यंत; मध्ये काही मिनिटांची विश्रांती. पोटाचे स्नायू किती आखडतात ते आधीच शिवलेल्या इलेक्ट्रोडने टिपायचे आणि त्यातून फुगवण्याआधीच्या तेवढ्याच वेळाची नोंद वजा करायची.

बिघडते ते बारीकसारीक गोष्टींत. लेटेक्सचा फुगा स्वतःच ताण धरतो, त्यामुळे मीटरवरचा सगळा दाब आतड्याच्या भिंतीवर पडत नाही. आतड्याहून मोठी, सैल पॉलिथिनची पिशवी बरी. फुग्याची नळी शेपटीच्या मुळाशी चिकटपट्टीने बांधतात. ती सैल पडून फुगा बाहेर सरकला, की औषध लागू पडल्यासारखे दिसते! प्राण्याला पिंजऱ्याची सवय नसेल, भूल पुरती उतरली नसेल किंवा आतड्यात विष्ठा राहिली असेल, तरी नोंद फसवी. आणि नेहमी निसटणारा मुद्दा हा: ठरावीक मिली हवा भरून प्रयोग केला आणि औषधाने आतड्याचा स्नायूच ढिला केला, तर तेवढ्याच हवेला दाब कमी भरतो आणि प्राणी शांत राहतो. वेदनेच्या मज्जातंतूंना औषधाने हातही लावलेला नसतो. म्हणून दाब आणि आकारमान दोन्ही नोंदवलेले हवेत.

माणसांवर हेच काम बॅरोस्टॅट नावाचा पंप करतो. आतडे आकसले की तो हवा काढून घेतो, सैलावले की भरतो, दाब तेवढाच राहतो. ‘आधी शौचाची भावना, मग अस्वस्थता, मग दुखणे’ हे रुग्ण १०० मिलिमीटरच्या रेषेवर खूण करून सांगतो. दाब पायरीपायरीने वाढवत नेला तर पुढची पायरी ओळखून माणूस आधीच ‘दुखतंय’ म्हणतो, म्हणून क्रम उलटसुलट ठेवतात. रिची या संशोधकाने १९७३ मध्ये साध्या फुग्यात ६० मिली हवा भरली, तेव्हा आयबीएसच्या (वारंवार पोट दुखणे आणि शौचाच्या तक्रारी असलेला आतड्याचा विकार) ५५ टक्के रुग्णांना दुखले, इतरांपैकी फक्त ६ टक्क्यांना.

तेव्हा पुढची अशी बातमी छापताना एक ओळ वाढवावी: कुठला प्राणी, ॲसिड की फुगा, आणि मोजले काय. रायदिंग टेस्टवर निभावले असेल, तर मथळ्यात ‘पोटदुखीवर औषध’ नको.

– औषधशास्त्राचे दोन अध्यापक, ठाणे (प.)