‘लॉगिन होत नाहीये’ एवढ्यावर न थांबलेल्या भाऊंना

प्रिय भाऊ,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. आयटी सपोर्टमधल्या चांगल्या माणसाचं नाव एकदा फुटलं की तिकीट, म्हणजे तक्रारीची रीतसर नोंद, न टाकता थेट फोन करणाऱ्यांची रांग लागते, आणि त्या रांगेत पहिल्या नंबरावर आमचंच ऑफिस असेल. पण आभार मात्र उघडपणेच मानायचे आहेत. आमची साइन-इनची पद्धत बदलली त्या आठवड्यात तुम्ही जे केलंत, ते बॅलार्ड इस्टेटपासून सीप्झपर्यंतच्या कुठल्याही ऑफिसात उद्या कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आमचं काम क्लिअरिंग-फॉरवर्डिंगचं, म्हणजे आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवून पुढे पाठवण्याचं. शिपिंग लाइन, ट्रान्सपोर्टर, कंटेनर यार्ड अशा सगळ्यांची बिलं मेलवर येतात. रात्री बॉट, म्हणजे आपोआप चालणारा प्रोग्रॅम, ती उचलतो, रजिस्टरमध्ये भरतो आणि सकाळी आम्ही अकाउंट्सवाले ती जीएसटीआर-२बीशी, म्हणजे समोरच्यांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टल बनवतं त्या यादीशी, ताडून पाहतो. २बी तयार होतं १४ तारखेला, ३बी हे महिन्याचं रिटर्न भरायचं २० तारखेपर्यंत. उशिराची लेट फी दिवसाला ५० रुपये, ती एक वेळ सोसवते. थकलेल्या करावरचं १८ टक्के व्याज मात्र शेठना सोसवत नाही. तेव्हा १४ ते २० या दिवसांत आमच्याशी कुणी फारसं बोलायला येत नाही. नेमकी तीच वेळ साधून आमच्याकडे साइन-इनची पद्धत बदलली गेली. आधी ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरला प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड होता. आता मेलचं तेच अकाउंट सगळीकडे, वर फोनवरचा ऑथेंटिकेटर (ओळख पटवणारं अ‍ॅप) सक्तीचा, आणि कुणाला काय उघडेल ते त्याचं नाव कुठल्या ग्रुपमध्ये आहे यावरून ठरणार. बदल चांगलाच होता, तारीख वाईट होती.

सकाळी सगळ्यांचा एकच ओरडा, लॉगिन होत नाहीये. तुमच्या आधी ज्यांनी फोन उचलला, त्यांनी सगळ्यांना एकच औषध दिलं: कॅशे क्लिअर करा आणि पासवर्ड बदला. आम्ही बदलले. त्यामुळे झालं असं की ज्यांचं चालत होतं त्यांचंही बंद पडलं! पासवर्ड बदलला की जुन्या साइन-इनवर दिलेली परवानगी रद्द होते आणि त्या परवानगीवर मागच्या मागे चालणारी कनेक्शनं तुटतात, हे तुम्ही नंतर समजावलंत. तोवर मंजुरीचे मेल जायचे थांबले होते आणि ते का थांबले हे कुणालाच कळत नव्हतं.

मग तुम्ही फोनवर आलात. तुमचं पहिलं वाक्य मला अजून आठवतं: “ताई, पासवर्ड सांगू नका. स्क्रीनवर खाली बारीक अक्षरात जे लिहिलंय ते वाचून दाखवा.” इतक्या वर्षांत ते बारीक अक्षरातलं कुणी मला वाचायला लावलं नव्हतं. मी वाचलं: एएडीएसटीएस, पुढे ५०१०५. तुम्ही लगेच म्हणालात की तुमचा पासवर्ड बरोबर आहे, त्याला हात लावू नका. मायक्रोसॉफ्टच्या साइन-इनमध्ये या आकड्याचा अर्थ असा की माणूस ओळखला गेला आहे, पण या सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचं नाव नाही. सोसायटीचा वॉचमन तुम्हाला ओळखतो म्हणून टेरेसची चावी देईलच असं नाही, असं तुम्ही सांगितलंत आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अकाउंट्सचा ग्रुप जोडायचा राहून गेला होता. तो जोडायला आमच्या अ‍ॅडमिनला पाच मिनिटंही लागली नाहीत. नंतर एकदा साइन आउट करून परत आत जायला सांगितलंत, कारण नवा ग्रुप नव्या साइन-इनमध्येच दिसतो. आत गेले आणि चहा मागवला.

माझं सुटलं म्हणजे सगळ्यांचं सुटलं, असं तुम्ही धरलं नाहीत. इथेच मला तुम्ही वेगळे वाटलात. ऑपरेशन्सच्या मुलीचा आकडा वाचायला लावलात तर तो निघाला ५००२०. तिच्या ब्राउझरमध्ये तिचं घरचं अकाउंट आधीच उघडं होतं आणि सॉफ्टवेअर त्याच अकाउंटला ऑफिसात शोधत होतं. खासगी विंडोत उघडल्यावर लगेच आत गेली. पण “रोज खासगी विंडो उघडत बसू नका” म्हणून तुम्ही तिला ऑफिससाठी ब्राउझरचं वेगळं प्रोफाइल करून दिलंत.

न्हावा-शेव्याला बसणाऱ्या आमच्या मुलाचा किस्सा तर मी आता येईल त्याला सांगते. त्याच्या स्क्रीनवर आकडाबिकडा काही नव्हता, फक्त ऑथेंटिकेटरचा सहा अंकी कोड चुकीचा आहे असं येत होतं. दर वेळी नवा कोड, दर वेळी चूक. यार्डात रेंज नसते, त्यामुळे असं होत असणार, हे आमचं सगळ्यांचं ठाम मत. तुम्ही म्हणालात, या कोडला रेंज लागतच नाही. फोनमध्ये एक गुप्त किल्ली साठवलेली असते आणि फोनचं घड्याळ असतं. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद मोजून त्यांचे ३०-३० सेकंदांचे तुकडे करायचे आणि चालू तुकडा व किल्ली यांच्यावरून सहा आकडे काढायचे. तिकडे सर्व्हरही तेच गणित करतो. २०११ मध्ये ही रीत आरएफसी ६२३८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहून ठेवली गेली आणि जगभर तीच चालते. दोन्हीकडची वेळ जुळली तर आकडे जुळणार. मग तुम्ही त्याला विचारलंत, “तुझ्या फोनमध्ये आत्ता किती वाजलेत?”

त्याचा फोन सात मिनिटं पुढे होता! मुद्दाम. उरण लाइनला गाड्या कमी, एक चुकली की फलाटावर ताटकळत बसायचं, म्हणून पठ्ठ्याने घड्याळच पुढे लावून ठेवलेलं. मुंबईत घराघरातल्या भिंतीवरची घड्याळं याच कारणाने पुढे धावतात, त्यात त्याचं काय चुकलं? पण अर्ध्या मिनिटाच्या हिशेबाने चालणाऱ्या सर्व्हरपुढे सात मिनिटं म्हणजे फारच झाली. तुम्ही त्याला आपोआप वेळ घेण्याची सेटिंग चालू करायला लावलीत आणि पुढचाच कोड लागला. त्याने कुरकुर केली की आता गाडी चुकणार. तुम्ही गंभीरपणे सांगितलंत, “मनगटावर घड्याळ बांध आणि ते ठेव पुढे.” त्याने खरंच बांधलंय.

वेळेवरूनच आठवलं. शेठना आलेल्या एररखाली पहाटे पावणेपाचची वेळ छापलेली होती आणि ते घाबरले होते की आपल्या नावाने पहाटे कोण घुसू पाहतंय. पोलिसांत जायची भाषा सुरू झाली होती. तुम्ही शांतपणे विचारलंत, सव्वादहाला तुम्ही स्वतः प्रयत्न केला होता का? केला होता. ती वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, आपल्यासाठी त्यात साडेपाच तास मिळवायचे. वर तुम्ही हेही सांगितलंत की सर्ट-इन या सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने एप्रिल २०२२ मध्ये कंपन्यांना आपल्या यंत्रणांची घड्याळं एनआयसी या सरकारी संगणक केंद्राच्या किंवा नॅशनल फिजिकल लॅबोरेटरीच्या वेळेशी जुळवून ठेवायला आणि लॉग १८० दिवस जपायला सांगितलंय ते उगाच नाही. नोंदी एकमेकींशी ताडायच्या तर वेळ एकच हवी. शेठ ते ऐकून इतके खूश झाले की त्यांनी तेच पुढच्या मीटिंगमध्ये स्वतःचं म्हणून सांगितलं.

आता रात्रीच्या बॉटबद्दल. यासाठी आभार सगळ्यात जास्त, आणि त्या वेळी राग आला होता तोही सगळ्यात जास्त. बॉट आमच्या निवृत्त झालेल्या सहकारी बाईंच्या अकाउंटवर चालत होता. नव्या व्यवस्थेत त्यांचं अकाउंट बंद झालं, ते योग्यच होतं, आणि बॉट ५००५७ म्हणजे बंद अकाउंटचा निरोप देत बसला. शेठचा उपाय सोपा होता: बाईंचं अकाउंट चालू करा, पासवर्ड मला द्या, फोनवरची मंजुरी सगळ्यांचीच काढून टाका, २० तारीख झाली की बघू. तुम्ही नाही म्हणालात. आवाज न चढवता, पण नाहीच. गेलेल्या माणसाच्या नावाने व्यवहार होत राहिले तर उद्या जबाबदार कोण, हा तुमचा प्रश्न होता. आणि बॉट दुसऱ्या कुणाच्या नावावर टाकला तर रात्री दोन वाजता त्याच्या फोनवरची मंजुरी दाबणार कोण, हा दुसरा.

तुम्ही बॉटला त्याची स्वतःची ओळख करून दिलीत. त्याला फक्त बिलांची मेलबॉक्स आणि ते एक रजिस्टर दिसतं. पगाराची फाइल दिसत नाही, शेठचे मेल दिसत नाहीत. (बाईंच्या अकाउंटवरून हे सगळं दिसत होतं, हे त्या दिवशी आम्हाला कळलं, आणि ऑफिसात बराच वेळ कुणी काही बोललं नाही.) त्याला एक दिवस जास्त लागला. त्या दिवशी आम्ही बिलं हाताने भरली, कुर्ल्याच्या पुढे राहणाऱ्या सगळ्यांना उशिराच्या गाड्या मिळाल्या, आणि मी मनातल्या मनात तुम्हाला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. ३बी वेळेत गेलं.

आणखी एका गोष्टीसाठी आभार. इतक्या फोनांत तुम्ही एकदाही कुणाचा पासवर्ड किंवा ओटीपी मागितला नाहीत. स्क्रीन शेअर केली होती तेव्हा पासवर्ड टाकायच्या आधी शेअरिंग बंद करायला लावलंत. हल्ली ‘सपोर्टमधून बोलतोय’ म्हणणारा माणूस खरा की खोटा हेच समजत नाही. माझ्या आईला आता मी एवढंच सांगून ठेवलंय की जो मागेल तो खोटा.

बॉट ज्या किल्लीने साइन-इन करतो तिची मुदत संपायची तारीख तुम्ही दोघांच्या कॅलेंडरवर टाकायला सांगितली होती. ती माझ्या आणि अ‍ॅडमिनच्या कॅलेंडरवर टाकली आहे. शिवाय ती पुढच्या वर्षातली असल्यामुळे भिंतीवरच्या कालनिर्णयात डिसेंबरच्या पानामागे लाल पेनने लिहिली आहे, नवं आलं की उतरवून घेईन. पुढच्या महिन्यात अकाउंट्समध्ये एक नवीन मुलगी रुजू होतेय. तिला ग्रुपमध्ये घालायचं तिकीट आजच टाकलंय, १४ तारखेच्या बरंच आधी. ते तुमच्याकडे आलं तर हसू नका.

आपली,
बॅलार्ड इस्टेटच्या अकाउंट्समधली ताई