तुमच्या कथेतला हिरो देवगिरीवरून सुटलाच कसा?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही ती टाइम मशीनवाली कथा छापली ना, त्याच्यावर लिहायलोय. पुण्याचा शास्त्रज्ञ (पुण्याचाच असणार म्हणा, आमच्याकडं कुठं शास्त्रज्ञ असतात) थेट १३२७ च्या दौलताबादेत, म्हणजे आपल्या देवगिरीवर उतरतो, मुहम्मद तुघलकाच्या भर दरबारातून यादवांच्या राजकन्येला सोडवतो, मोबाईलच्या टॉर्चवर अंधारीतून (किल्ल्यातला काळोखा भुयारी रस्ता) पळतो, खंदकात उडी मारतो आणि दहा मिनिटात दोघं पसार. मी एकवीस वर्षं झाली याच किल्ल्यावर गाईडचं काम करतो. कथा वाचून आधी हसलो, मग पोरीला वाचून दाखवली, मग मात्र राग आला.

कथेत थोडंफार इकडंतिकडं चालतं, मला मान्य आहे. आम्ही गाईड लोकं पण काही कमी नाही, खंदकात मगरी सोडलेल्या असायच्या हे मी रोज सांगतो, लहान पोरं खुश होतात आणि टिप पण बरी मिळते. पण तुमचा हिरो उतरल्या उतरल्या चांद मिनार बघतो. अहो तो मिनार बहामनी सुलतान अलाउद्दीन अहमदानं पंधराव्या शतकात बांधला, म्हणजे हिरो बघतो तेव्हा त्या जागी दगडावर दगड पण नव्हता. पाठलाग करताना शिपाई मेंढा तोफ डागतात, ती तोफ मुघलांच्या काळातली, तीनशे वर्षं अलीकडची. यादवांचं राज्य १३१८ च्या सुमारास शेवटच्या राजाला, हरपालदेवाला मारलं तिथंच संपलं, त्याच्यानंतर नऊ वर्षांनी नटूनथटून दरबारात उभी असलेली राजकन्या आली कुठून. आणि सगळ्यात भारी म्हणजे एक म्हातारी हिरोला भाकरी आणि मिरचीचा ठेचा देते! मिरची पोर्तुगीजांच्या मागून आली साहेब, १४९८ नंतर. गेटवर जे पेरू विकतात ते पण तिकडनंच आलेले. त्या म्हातारीनं डाळिंब नाहीतर द्राक्षं दिली असती तर मी काही बोललो नसतो, कारण इब्न बतूता इथं आला होता तेव्हा इथल्या द्राक्ष-डाळिंबाचा वर्षाला दोनदा बहर येतो असं त्यानं लिहून ठेवलंय.

हा इब्न बतूता म्हणजे मोरोक्कोचा प्रवासी, १३३३ ला हिंदुस्थानात आला, तुघलकानं त्याला दिल्लीत काझी केलं आणि १३४२ ला चीनला वकील म्हणून पाठवलं तेव्हा तो दौलताबादवरून गेला. माझी पोरगी युनिव्हर्सिटीत इतिहासात एमए करते, तिनं लायब्ररीतून त्याचं पुस्तक आणून मला मराठीत सांगितलं, आणि खरं सांगतो एकवीस वर्षं मी ज्या दगडावरून चढउतार करायलोय तिथलं हे मला माहीत नव्हतं.

तो लिहितो की वर किल्ल्यावर जायला चामड्याची शिडी होती आणि रात्री ती वर ओढून घ्यायचे. आता ज्यानं आमचा डोंगर बघितलाय त्याला कळेल. खालून दीडशे फुटाच्या आसपास कडा उभा तासलेला आहे, भिंतीसारखा, पाय ठेवायला खोबण सुद्धा सोडली नाही. आज पूल आहे, पायऱ्या आहेत, रेलिंग आहे तरी वरच्या बारादरीपर्यंत धडधाकट माणसाला तास लागतो. मधे एका ट्रिपमधल्या काकांचा वरती बीपी लो झाला होता, आम्ही चौघांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं, अंधारीत दोन वेळा खुर्ची अडकली, वटवाघळं तोंडावर, काका वरून ओरडायलेत सोडू नका रे सोडू नका, अडीच तास लागले आम्हाला आणि तेही दिवसाढवळ्या, मागं कोणी तलवार घेऊन लागलेलं नसताना. अंधारीत नवीन माणूस वळणावर चुकतोच, पायरी कुठं उंच कुठं ठेंगणी, आणि वरच्या तोंडाला विस्तव पेटवला की सगळा धूर आत. तुमचा हिरो रात्री पळतो. रात्री शिडी वर ओढलेली. मग हा उतरला कशावरून, राजकन्येच्या शालूवरून?

बरं दरबारात घुसणं तरी सोपं होतं का. इब्न बतूता सांगतो की या सुलतानाला भेटायला जायचं तर नजराणा घेऊनच जावं लागायचं, आणि सुलतान त्याच्या कितीतरी पट परत द्यायचा, म्हणून व्यापारी लोकं नवख्या माणसाला उधारीवर नजराणा घेऊन द्यायचे आणि मग वसुली करायचे. म्हणजे टाइम मशीनमधून उतरलेल्या माणसाला आधी सावकार गाठायला लागणार. हे असलं का नाही लिहीत कोणी? पैशाची अडचण म्हणाल तर त्याच सुलतानानं पुढं १३२९-३० ला चांदीच्या बदल्यात पितळ-तांब्याची नाणी काढली आणि घराघरात टांकसाळ सुरू झाली असं त्या काळच्या बरनी नावाच्या इतिहासकारानं लिहिलंय, हिरो दोन-तीन वर्षं उशिरा उतरला असता तर गुलमंडीच्या बाजारातून चार पितळी बिल्ले नेले असते तरी खपले असते. भाषेचं पण तेच. कथेत पहारेकरी हिरोशी पुण्याच्या मराठीत बोलतो. दरबारात फारसी चालायची, खालच्या गावात लीळाचरित्रात आहे तसली मराठी, आणि दिल्लीहून चाळीस दिवसांची वाट तुडवत आणलेली लोकं आपली दिल्लीची बोली बोलायची, तिच्यातूनच पुढं दखनी झाली. आमच्याकडं आजही रिक्षावाला 'नक्को' म्हणतो ना, ते त्यातलंच.

आता मुख्य गोष्ट, ज्याच्यासाठी हे पत्र. तुम्हाला सुटकेची कथाच पाहिजे होती तर ती इथं तयार पडलेली आहे आणि राजकन्येची गरज नाही. इब्न बतूता लिहितो की या किल्ल्यात मोठमोठ्या गुन्हेगारांना खड्ड्यात टाकायचे, आणि त्या खड्ड्यात मांजरापेक्षा मोठे उंदीर होते, मांजरंच त्यांना बघून पळायची. मलिक खत्ताब नावाचा एक अफगाण सरदार तिथं कैदेत होता, त्यानं स्वतःच्या तोंडानं इब्न बतूताला सांगितलं की रात्री उंदीर गोळा होऊन खायला यायचे आणि मी रात्रभर त्यांच्याशी मारामारी करायचो. मग स्वप्नात कोणीतरी आलं आणि म्हणालं कुराणातली इखलासची सूरा लाख वेळा म्हण, सुटशील. यानं म्हटली, लाख वेळा. आणि सुटला.

पण सुटला कसा ते ऐका. शेजारच्या खड्ड्यात दुसरा एक सरदार होता, तो आजारी पडला, अंगात ताकद राहिली नाही, उंदरांनी त्याची बोटं आणि डोळे खाल्ले आणि तो मेला. ही बातमी सुलतानाच्या कानावर गेली तेव्हा तो म्हणाला की खत्ताबला बाहेर काढा, नाहीतर त्याचंही असंच होईल.

पोरगी हे सांगत होती आणि आम्ही जेवत होतो, माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं मशीन असती तर मी त्या शेजारच्याला काढलं असतं, खत्ताब तर सुटणारच आहे. ती म्हणाली पप्पा, शेजारचा मेला नाही तर सुलतानाला काही कळणार नाही, मग खत्ताब सुटणार नाही. मी म्हटलं मग दोघांना काढतो. म्हणाली काढा, पण खत्ताब तुमच्याबरोबर पळाला तर तो इब्न बतूताला भेटणार नाही, भेटला नाही तर उंदरांचा खड्डा पुस्तकात येणार नाही, पुस्तकात नाही तर मला कळणार नाही आणि मला नाही तर तुम्हाला नाही, मग तुम्ही कोणाला वाचवायला जाताय? मी तिच्याकडं बघत राहिलो. भाकरी गार झाली.

लेखक साहेबांनी हे लिहावं, माझं काही म्हणणं नाही, फुकट घ्या. एक माणूस दोन खड्ड्यांच्या मधे उभा आहे, शिडी सकाळी खाली सोडणार, हातात एकच दोर, आणि ज्याला काढेल त्याच्यामुळं दुसरा मरणार. त्याला पिस्तूल द्या नाहीतर टॉर्च द्या, काय उपयोग. फार तर आमच्या मोंढ्यात (धान्याच्या बाजारात) मिळतो तो उंदीर धरायचा गोंदाचा पुठ्ठा न्यावा त्यानं, पाच-सात डझन, निदान शेजारच्याच्या बोटांची तेवढी सोय होईल. मी दोन रात्री विचार करायलोय, मला अजून तोड सापडली नाही. पोरगी म्हणते हिरोनं खत्ताबच्या स्वप्नात जाणारा माणूस व्हावं. म्हणजे तो स्वप्नात आला होता तो कोण, ते कुठं लिहिलंय? ते मला जरा पटलं, पण मग शेजारचा तसाच राहतो ना.

अजून एक, हे जाता जाता. किल्ला बघायला आलेला प्रत्येक दुसरा माणूस मला १२९६ चं विचारतो. अलाउद्दीन खिलजीनं वेढा दिला, रामदेवराव वर अडकला आणि धान्याची म्हणून भरून नेलेली पोती उघडली तर आत मीठ निघालं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. परवा परभणीकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाला, भाऊ, पोतं घेताना कोणी बांबी (पोत्यात खुपसून धान्य बघायची नळी) घालून बघितलंच नाही का? आमच्याकडं मोंढ्यात हमाल सुद्धा बघतो. तुमच्या शास्त्रज्ञाला पाठवायचंच असेल तर एक बांबी देऊन तिथं पाठवा, ना दरबार लागतो ना उडी.

लेखक साहेबांना माझा निरोप द्या. एकदा यावं, सकाळी सातच्या आत यावं कारण दहानंतर खडक तापतो, चप्पल न घालता बूट घालावेत आणि मोबाईल फुल चार्ज करून आणावा, अंधारीत त्यांना एकट्याला सोडतो आणि बाहेर घड्याळ लावून बसतो. पैसे घेणार नाही. ज्वारीची भाकर आणि ठेचा घरून आणीन, आता चालतोय तो.

कळावे,
आपला वाचक,
किल्ल्यावरचा एक गाईड, दौलताबाद