हवामानशास्त्राची डिग्री: विषय शेवटाकडून मागे मांडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या करिअरच्या पानावर हवामानशास्त्राच्या डिग्रीबद्दल आलेला लेख वाचला. या विषयावर कुणीतरी लिहितंय याचाच आधी आनंद झाला. पण त्यात ढग होते, वादळं होती, सॅटेलाइटचे फोटो होते, नोकऱ्यांची यादी होती, आणि चार वर्षं नेमकं काय शिकायचं, कुठल्या क्रमाने शिकायचं, हे मात्र कुठेच नव्हतं. मी स्वतः ही डिग्री केलीये, आता रोज फोरकास्टचं काम करते आणि दरवर्षी अ‍ॅडमिशनच्या वेळी पाच-सात मुलं-मुली विचारायला येतात, त्यांच्याशी बोलताना सगळ्यात जास्त वेळ याच एका गोष्टीवर जातो, म्हणून हे पत्र.

माझं म्हणणं एकच आहे. या डिग्रीचा प्लॅन पहिल्या सेमिस्टरपासून पुढे करत जायचा नाही, शेवटच्या वर्षापासून मागे करत यायचा. कारण इथे विषय साखळीसारखे एकात एक अडकलेले असतात. तिसऱ्या वर्षी अ‍ॅटमॉस्फेरिक डायनॅमिक्स (हवेच्या हालचालीचं गणित) येतो, त्याला व्हेक्टर कॅल्क्युलस (दिशा असलेल्या राशींचं कॅल्क्युलस) आणि डिफरन्शियल इक्वेशन्स (बदलाची समीकरणं) आधी झालेले लागतात. त्या दोन्हींना कॅल्क्युलसचा दुसरा भाग लागतो, दुसऱ्याला पहिला लागतो. शिवाय फिजिक्सचा मेकॅनिक्स कॅल्क्युलसवाला हवा, नुसता सूत्रं पाठ करायचा चालत नाही. आता हे मागे मोजत या, कॅल्क्युलस पहिल्याच सेमिस्टरला सुरू व्हायला पाहिजे असं निघतं. दुसऱ्या वर्षी बघू म्हटलं की संपलं, कारण बऱ्याच डिपार्टमेंटमध्ये वरचे विषय वर्षातून एकदाच शिकवतात, विद्यार्थीच कमी असतात. एक सेमिस्टर चुकलं तर नुकसान अख्ख्या वर्षाचं होतं.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. पहिल्या वर्षी मला एका सल्लागार सरांनी सांगितलं की गणित जड जाईल, आधी सोपे जनरल विषय घेऊन टाक, मार्क चांगले पडतील, गणित नंतर करता येईल. मी ऐकलं. मार्क चांगले पडले. आणि तिसऱ्या वर्षी डायनॅमिक्सला नाव नोंदवायला गेले तेव्हा कळलं की डिफरन्शियल इक्वेशन्स झालेला नाही म्हणून घेताच येणार नाही, आणि डायनॅमिक्स नाही म्हणून सिनॉप्टिकचा (नकाशांवरून हवामान वाचायच्या विषयाचा) पुढचा भाग नाही, तो नाही म्हणून न्यूमरिकल मॉडेलिंग (कॉम्प्युटरवर हवेचं गणित सोडवणं) नाही. बरोबरची सगळी मुलं नकाशांवर काम करत होती आणि मी एकटी मागच्या बॅचबरोबर गणित करत बसले होते. एक वर्ष गेलं. ते सर वाईट नव्हते, मनापासूनच सांगत होते, पण साखळीचा तक्ता त्यांच्यासमोरही नव्हता आणि माझ्यासमोरही नव्हता. तो तक्ता प्रत्येक मुलाच्या हातात अ‍ॅडमिशनच्याच दिवशी पडला पाहिजे असं मला अगदी कळकळीने वाटतं.

एवढं गणित कशाला, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि विचारायलाच पाहिजे. १९०४ साली नॉर्वेच्या व्हिल्हेल्म ब्यर्कनेस यांनी मांडलं की आत्ताची हवेची स्थिती नीट माहीत असेल आणि ती कुठल्या नियमांनी बदलते ते माहीत असेल तर पुढची स्थिती गणिताने काढता येते. वाऱ्याचे तीन घटक, दाब, तापमान, घनता, बाष्प, एवढ्या अनोळखी राशी आणि तेवढीच समीकरणं. डायनॅमिक्सचा पेपर म्हणजे हीच समीकरणं. पृथ्वी फिरते म्हणून वारा वळतो हे शाळेतल्या मुलालाही माहीत असतं, पण तो किती वळेल हे काढायला पृथ्वीच्या फिरण्याचा आणि वाऱ्याच्या वेगाचा क्रॉस प्रॉडक्ट घ्यावा लागतो, आणि तिथे व्हेक्टर येत नसेल तर पुढची सगळी लेक्चर्स डोक्यावरून जातात. हवा फिरते किती, पसरते किती, हे पण व्हेक्टर कॅल्क्युलसच.

मग इंग्लंडचे लुईस फ्राय रिचर्डसन आले. पहिल्या महायुद्धात अँब्युलन्स चालवत असताना त्यांनी मधल्या युरोपसाठी २० मे १९१० या दिवसाचं गणित हाताने मांडलं, फक्त ६ तासांचा अंदाज, आणि उत्तर आलं की दाब १४५ हेक्टोपास्कलने (हे हवेच्या दाबाचं एकक) वाढेल. प्रत्यक्षात त्या दिवशी दाब जवळपास हललाच नव्हता! १९२२ साली त्यांनी हे सगळं चुकीच्या उत्तरासकट छापलं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. चूक समीकरणांत नव्हती. सुरुवातीला घेतलेले दाब आणि वारे एकमेकांशी जुळत नव्हते, त्यामुळे गणितात खोट्या लाटा उठल्या आणि त्या लाटांनी उत्तर खाऊन टाकलं. मुलांना मी हे मुद्दाम सांगते, कारण या एका चुकीत अर्धा अभ्यासक्रम आहे. मोजमाप कसं करतात ते कळायला इन्स्ट्रुमेंट्सची लॅब, मोजलेलं एकमेकांशी जुळवायला स्टॅटिस्टिक्स आणि लिनिअर अल्जिब्रा, समीकरणं टप्प्याटप्प्याने सोडवायला न्यूमरिकल मेथड्स, आणि हे सगळं हाताने होत नाही म्हणून प्रोग्रामिंग. १९५० मध्ये एनिअ‍ॅक या सुरुवातीच्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरवर हवामानशास्त्रज्ञ चार्नी, फ्योर्टॉफ्ट आणि गणितज्ञ फॉन नॉयमन यांनी सगळी समीकरणं बाजूला ठेवून एकच सोपं केलेलं समीकरण सोडवलं, तरी २४ तासांचा अंदाज काढायला साधारण २४ तासच लागले.

यातलं लिनिअर अल्जिब्रा बऱ्याच ठिकाणी ऐच्छिक असतं आणि मुलं ते सोडून देतात. सोडू नका. सॅटेलाइट, बलून, विमानं, जमिनीवरची केंद्रं इथून येणारा डेटा मॉडेलमध्ये घालायचं जे काम आहे ना, त्याच्या पोटात सगळं मॅट्रिक्सचंच गणित असतं. स्टॅटिस्टिक्सही तसंच, आणि तेही कुठलंतरी नाही, ज्यात एकामागोमाग येणाऱ्या मोजमापांचा विचार असतो असं हवं, कारण आजचं तापमान कालच्या तापमानापासून सुटं नसतं. अमेरिकेचे हवामानशास्त्रज्ञ एडवर्ड लोरेन्झ यांनी कॉम्प्युटरवर ०.५०६१२७ च्या जागी ०.५०६ टाकलं आणि थोड्या वेळाने दोन्ही गणितं पार वेगळीकडे गेली, त्यातून सुरुवातीचा किंचित फरक पुढे प्रचंड वाढतो हे सांगणारा त्यांचा १९६३ चा शोधनिबंध आला. आज जे ‘पावसाची शक्यता ६० टक्के’ असं आपण वाचतो त्यामागे हेच आहे, एकच अंदाज न काढता किंचित वेगवेगळ्या सुरुवातीपासून अनेक अंदाज काढायचे आणि ते किती पांगतात ते बघायचं. हे समजून सांगता येणारा माणूस तयार करायचा असेल तर स्टॅटिस्टिक्स शेवटच्या सेमिस्टरला उरकायचा विषय राहत नाही, दुसऱ्या वर्षीच झालेला बरा.

प्रोग्रामिंग तर पहिल्याच वर्षी. पायथन घ्या, कारण डेटा वाचणं, नकाशे काढणं, आलेख काढणं आता बहुतेक त्यातच चालतं, आणि जुनी मोठी मॉडेल्स अजून फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत आहेत त्यामुळे ते निदान वाचता आलं तर पुढे उपयोग होतो. नेदरलँड्सचे पॉल क्रुट्झेन हे पूल बांधण्याचं इंजिनिअरिंग शिकलेले होते, १९५९ साली स्टॉकहोमला हवामानशास्त्राच्या विभागात प्रोग्रामर म्हणून लागले, तिथूनच त्यांचा वातावरणाचा अभ्यास सुरू झाला आणि १९९५ मध्ये ओझोनच्या कामासाठी मोलिना आणि रोलंड यांच्याबरोबर त्यांना केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. केमिस्ट्री ऐच्छिक आहे म्हणून टाकून देणाऱ्यांना पण हेच उदाहरण देते. हवेच्या प्रदूषणात काम करायचं असेल तर केमिस्ट्रीची दोन सेमिस्टर्स लॅबसकट लागतातच.

थर्मोडायनॅमिक्सबद्दल, म्हणजे उष्णतेच्या शास्त्राबद्दल, थोडं जास्त लिहिते, कारण माझा तो सगळ्यात लाडका विषय आणि मुलांना तो रुक्ष वाटतो. कोरडी हवा वर जाताना दर किलोमीटरला ९.८ अंशांनी थंड होते, हा आकडा पाठ करायचा नसतो, गुरुत्वाकर्षणाला हवेच्या विशिष्ट उष्णतेने भागलं की तो आपोआप बाहेर येतो, आणि पहिल्यांदा स्वतःच्या वहीत तो आला तेव्हा मला जो आनंद झाला तो अजून आठवतो. मग त्यात बाष्प आलं की मजा वाढते. एक किलो बाष्पाचं पाणी होताना सुमारे २५ लाख ज्यूल उष्णता सुटते, वादळांना ताकद मिळते ती इथून. तापमान एक अंशाने वाढलं की हवेची बाष्प धरायची क्षमता साधारण ७ टक्क्यांनी वाढते, गरम होत चाललेल्या जगात मुसळधार पाऊस का वाढतो याची सुरुवात या एका आकड्यापासून होते. आणि क्लाउड फिजिक्समध्ये कळतं की ढगातल्या थेंबाची त्रिज्या असते साधारण ०.०१ मिलिमीटर, पावसाच्या थेंबाची १ मिलिमीटर धरा, म्हणजे पावसाचा एक थेंब व्हायला ढगातले दहा लाख थेंब एकत्र यावे लागतात. नुसता ढग आला म्हणजे पाऊस पडत नाही तो यामुळे. थर्मोडायनॅमिक्सचा पेपर डायनॅमिक्सच्या आधी किंवा बरोबर घ्यावा, नंतर नको, आणि फिजिक्समधला उष्णतेचा भाग ताजा असतानाच घ्यावा.

एक चूक हुशार मुलं हमखास करतात, ती म्हणजे डायनॅमिक्स, रेडिएशन (ऊन आणि उष्णतेच्या किरणांचा विषय) आणि न्यूमरिकल मेथड्स तिन्ही एकाच सेमिस्टरला. कागदावर क्रेडिट बसतात. पण तिन्हीत दर आठवड्याला लांबच लांब गणितं असतात आणि आठवड्याचे दिवस तेवढेच. दोन जड, एक लॅब आणि एक लिहिण्या-बोलण्याचा विषय, असं जुळवा. लिहिण्या-बोलण्याचा विषय मी सहज म्हणत नाहीये, उत्तम अंदाज काढला आणि लोकांना कळेल असा सांगता आला नाही तर तो कुणाच्याच कामाचा नाही.

सिनॉप्टिकच्या लॅबमध्ये समदाब रेषा हाताने काढायला लावतात. कॉम्प्युटर असताना हे कशाला, असं मुलं कुरकुरतात. काढाव्यात. पेन्सिल हातात असली की प्रत्येक आकड्याकडे बघावं लागतं आणि चुकीचं मोजमाप कुठलं ते डोळ्याला दिसायला लागतं, मॉडेल कुठे घसरलंय हे नंतर याच सवयीने कळतं. या लॅबच्या आधीपासून, अगदी पहिल्या वर्षापासून, रोज नकाशा बघायची आणि उद्याचा अंदाज वहीत लिहायची सवय लावली तर फारच छान. दुसऱ्या दिवशी चूक काय झाली तेही लिहायचं. याला क्रेडिट मिळत नाहीत पण चार वर्षांत याच्याएवढं कशाने शिकले नाही मी.

मोकळ्या राहिलेल्या जागांत काय घ्यायचं ते पुढे काय करायचंय त्यावर आहे. रिसर्चला जायचं असेल तर पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स, फ्लुइड मेकॅनिक्स आणि थोडं इलेक्ट्रोमॅग्नेटिक्स. पूर आणि पाण्याकडे ओढा असेल तर हायड्रोलॉजी आणि जीआयएस (कॉम्प्युटरवर नकाशे आणि जागांची माहिती हाताळायचं तंत्र). क्लायमेटकडे असेल तर समुद्रशास्त्र. ठरलं नसेल तर दुसऱ्या वर्षापर्यंत जागा मोकळ्या ठेवा, पण गणिताची साखळी मोकळी ठेवू नका, ती सगळ्यांना सारखीच.

जागतिक हवामान संघटनेने हवामानतज्ज्ञाचं मूळ शिक्षण काय असावं याची चौकट आखून दिली आहे, १०८३ क्रमांकाचं त्यांचं प्रकाशन आहे. गणित आणि फिजिक्सचा पाया, आणि त्यावर फिजिकल, डायनॅमिक, सिनॉप्टिक-मेसोस्केल (मोठ्या आणि मध्यम आकाराच्या हवामान घडामोडी) आणि क्लायमेटॉलॉजी असे चार खांब. अ‍ॅडमिशन घ्यायच्या आधी कॉलेजची विषयांची यादी या चौकटीशेजारी ठेवून बघा. नावात अ‍ॅटमॉस्फेरिक असलेल्या काही डिग्र्यांमध्ये पर्यावरण आणि धोरणाचे विषय भरपूर आणि डायनॅमिक्स एकच सेमिस्टर किंवा तेही नाही, असं असतं. तो अभ्यासही चांगलाच आहे, पण फोरकास्टर व्हायचं मनात धरून तिथे गेलेलं मूल शेवटी अडकतं.

गणितात फार हुशार नसलं तर जमेल का, हे पालक हळू आवाजात विचारतात. जमतं. मला बारावीपर्यंत गणितात बेताचेच मार्क होते. पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलस जड वाटला तर त्याच्याबरोबरचे विषय हलके करा, सुट्टीत पुन्हा करा, पण पुढे ढकलू नका.

संपादक साहेब, तुम्ही पुढच्या वेळी या डिग्रीवर छापाल तेव्हा एका फोटोची जागा या साखळीच्या तक्त्याला द्या, ही विनंती. कुठला विषय कशाच्या आधी, कुठला वर्षातून एकदाच, एवढंच असलं तरी पुरे. तक्ता मी स्वतः काढून पाठवायला तयार आहे.

आपली,
हवामानशास्त्राची एक माजी विद्यार्थिनी