शनिवारी रात्री साडेनऊ वाजता

तीर्थरूप बाबा व तीर्थरूप आई यांस,

साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

मागच्या खेपेस जेवताना झालेला वाद माझ्या मनातून अजून गेलेला नाही. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर 1952 साली माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले, त्यांनी आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार केली आणि तुमच्या पिढीच्या गळी शास्त्रीय संगीत सक्तीने उतरवले, असे मी म्हणाले होते. त्यावर बाबा ताक न घेताच पानावरून उठले. आई, तू काही बोलली नाहीस, पण तुझी नजर मला पुरेशी होती.

परत आल्यावर मी एक संपूर्ण रविवार या वादासाठी दिला. त्या काळातील प्रक्षेपणांची जी जुनी ध्वनिमुद्रणे आज ऐकायला मिळतात, ती बाबांनी वेळोवेळी सांगितलेल्या क्रमाने, म्हणजे सकाळचे सकाळी आणि रात्रीचे रात्री, लावून ऐकली. सकाळी तोडी, दुपारी सारंग, रात्री बागेश्री. एकाच गवयाला एका दिवसात दोन-तीनदा स्टुडिओत का बोलावीत असत, हे मला तेव्हा कळले. गाणे त्या क्षणी गायले जात असे आणि त्याच क्षणी घरोघरी पोचत असे, त्यामुळे रागाचा प्रहर सांभाळायचा तर गवयालाही घड्याळ सांभाळावे लागे.

एका मुद्रणाजवळ मी बराच वेळ थांबले. निवेदक अगदी सरळ आवाजात रागाचे नाव, ताल आणि साथीदारांची नावे सांगतो. त्याचे वाक्य संपण्याआधीच मागे तानपुरा ऐकू येऊ लागलेला असतो. मग विलंबित एकतालातला ख्याल संथपणे उलगडत जातो, सव्विसाव्या मिनिटाच्या सुमारास द्रुत बंदिश सुरू होते, आणि शेवटी समोरच्या घड्याळाकडे नजर गेली असावी तसा गवई चढत चाललेली एक तान मधूनच वळवतो व समेवर येऊन थांबतो. ती अर्धी राहिलेली तान मी चार वेळा ऐकली. पूर्वीच्या तबकडीची एक बाजू जेमतेम साडेतीन मिनिटांत संपत असे. तिच्यात रागाची ओळख व्हायची, सहवास घडायचा नाही. रेडिओने अर्धा तास दिला आणि प्रत्येक वेळी आधी रागाचे नाव सांगितले. बाबा, गाणे न शिकता तुम्हाला साठ-सत्तर राग ओळखता येतात, त्याचे श्रेय मी आजवर तुमच्या कानाला देत आले. त्यातला निम्मा वाटा त्या निवेदकांचा आहे, असे आता मला वाटते.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कदाचित आवडणार नाही. पेटीच्या साथीला तुम्ही नाक मुरडता आणि सारंगीशिवाय ख्याल उभाच राहत नाही, असे म्हणता. आकाशवाणीने मार्च 1940 पासून हार्मोनियमवर बंदी घातली होती व ती पुढे सुमारे तीस वर्षे टिकली. बैठकीत पेटी वाजत होती, नाट्यगृहात वाजत होती, फक्त तुमच्या घरातल्या रेडिओत वाजत नव्हती. तेव्हा तुमचे सारंगीप्रेम निदान काही अंशी सरकारी आहे.

आई, तुझा दिवस मात्र वेगळा होता आणि या वादात तो कोणी विचारातच घेतला नाही. शास्त्रीय गाण्यासाठी बाबांच्या घरी मंडळी बैठक घालून बसत; तुझ्या माहेरी रेडिओ ऐकायचा तो काम करता करता. नाट्यगृहाची पायरी आजीने आयुष्यात दोनदाच चढली, असे तूच सांगतेस, पण श्रुतिका तिने एकही सोडली नाही, कारण तिच्यासाठी लुगडे बदलावे लागत नव्हते आणि कुणाची परवानगीही लागत नव्हती. एका नभोनाट्यात घरातला थोरला मुलगा रागावून निघून जातो आणि त्याचा आवाज अंगणापलीकडे विरत जातो, तेव्हा हातातले पातेले तसेच धरून तू उभी राहिली होतीस. तो आवाज कसा विरत असे, ते मी शोधून काढले. त्या काळी नभोनाट्यांसाठी वापरला जाणारा रिबन मायक्रोफोन पुढून व मागून ऐकतो, पण कडेने जवळजवळ बहिरा असतो. नट बोलत बोलत दोन पावले त्या बहिऱ्या बाजूला सरकला की घरोघरीच्या श्रोत्यांसाठी तो दूर गेला. पावलांचा आवाज दुसराच कोणी खडी पसरलेल्या तबकात करीत असे. तुझा तो थोरला मुलगा खोलीबाहेर गेलाच नव्हता, आई. हातातला कागद वाजू न देता तो तिथेच उभा होता.

(गीतरामायणाविषयी मी मुद्दाम लिहीत नाही. 1955-56 च्या पुणे केंद्राची आठवण निघाली की सगळे त्याविषयीच बोलतात आणि बाकीचे राहून जाते.)

रात्री साडेनऊला मी संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम म्हणून जपून ठेवलेले एक मुद्रण लावले. 1952 पासून दर शनिवारी दिल्लीहून निघून देशभरच्या केंद्रांवरून एकाच वेळी ऐकू येणारा, अकरापर्यंत चालणारा तो दीड तास. आजोबा त्या वेळी घरात कुणाला बोलू देत नसत, आणि बाबा, दहानंतरचे तुम्ही कधीच ऐकले नाही, झोप लागायची, हे तुम्ही स्वतः कबूल केलेले आहे. मी मात्र जागी राहिले. मध्ये दोनदा फोन हातात घेतला, हेही प्रामाणिकपणे लिहिते.

माझे म्हणणे मी सगळेच मागे घेत नाही. लोकांना सिनेमाची गाणी हवी होती, म्हणून ते रेडिओ सिलोनकडे वळले. बुधवारी बिनाका गीतमाला ऐकण्यासाठी बाबाही शेजारी जाऊन बसत. आणि 3 ऑक्टोबर 1957 रोजी आकाशवाणीला विविध भारती सुरू करावीच लागली. सक्ती होतीच. मात्र ‘गळी उतरवले’ हा शब्द चुकला. अर्ध्या तासासाठी रागाला जागा करून देणे आणि तो गळी उतरवणे यांतला फरक मला तेव्हा दिसला नव्हता. जेवणाच्या पानावर तसे बोलायला नको होते.

येत्या शनिवारी संध्याकाळच्या गाडीने मी येत आहे. बागेश्रीचे ते मुद्रण आणि दोन जुन्या श्रुतिका सोबत आणते. साडेनऊला सुरुवात करू. आईने त्या वेळी ओट्यावर काही काढू नये, आणि बाबांनी कानयंत्रातली बॅटरी आदल्या दिवशीच बदलून ठेवावी.

तुमची लेक