इटाउमाची सातवी फेरी अजून बाकी आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या क्रीडा पानावरचा हेवीवेट बॉक्सर मोझेस इटाउमावरचा लेख वाचला. १६ ऑगस्ट २०२५ ला रियाधमध्ये या वीस वर्षांच्या ब्रिटिश पोराने डिलियन व्हाइटला दोन मिनिटांच्या आत गारद केलं, तेव्हापासून ‘नवा टायसन’ हे बिरुद जिथे तिथे ऐकू येतंय. लेखाचा मथळाही तोच. पोरगा गुणी आहे याबद्दल माझं दुमत नाही. पण त्याच्या मोठेपणाचा पुरावा म्हणून जे पुढे केलं जातंय ते पटत नाही, म्हणून हे पत्र.

सगळीकडे एकच हिशोब मांडला जातो. व्हाइटला हरवायला अँथनी जोशुआला २०१५ मध्ये सात फेऱ्या लागल्या, पोव्हेत्किनला २०२० मध्ये पाच, फ्युरीला २०२२ मध्ये सहा, आणि इटाउमाला १ मिनिट ५९ सेकंद. वाचायला झकास वाटतं. पण हे तिन्ही पराभव अंगावर घेऊन रियाधला आलेला व्हाइट ३७ वर्षांचा होता. त्याच्या आधी मे २०२५ मध्ये इटाउमाने दुसऱ्या फेरीत संपवलेला माइक बॅलोगन अपराजित होता खरा, पण ४१ वर्षांचा. जुलै २०२४ मधला मारियुश वाख ४४ वर्षांचा. यात इटाउमाचा काही दोष नाही, समोर जो उभा केला त्याला त्याने पाडलं. मात्र ही वयं छापल्याशिवाय ते सेकंद छापणं म्हणजे वाचकाला अर्धीच गोष्ट सांगणं.

माझ्या मते त्याची खरी लायकी दाखवणारी लढत वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. डिसेंबर २०२४, तेव्हाचा जगज्जेता ओलेक्सांद्र उसिक आणि टायसन फ्युरी यांच्या दुसऱ्या लढतीचीच रात्र, समोर ऑस्ट्रेलियाचा डेम्सी मॅकीन. हा मॅकीन २०२३ मध्ये फिलिप हर्गोविचसमोर बाराव्या फेरीपर्यंत टिकला होता. शिवाय तोही डावखुरा, म्हणजे इटाउमाला एरवी मिळणारा डावखुरेपणाचा फायदा त्या रात्री नव्हता. तरीही पहिल्याच फेरीत खेळ आटोपला. ही लढत शक्य झाल्यास संथ गतीने बघावी. इटाउमा ताकदीच्या जोरावर आत घुसत नाही. पुढचा उजवा हात समोरच्याच्या हाताशी सतत खेळवत ठेवतो, त्यातून अंतर जोखतो, पाय आधी जागेवर आणतो आणि मगच ठोसा सोडतो. ठोसा लागला म्हणून हुरळून हात फिरवत सुटत नाही. व्हाइटच्या वेळीही तेच दिसलं. उजवा हूक (बाजूने वळवून मारलेला ठोसा) कानशिलाकडे बसला, व्हाइट पडून उठला, पण पाय साथ देईनात आणि पंचांनी लढत थांबवली. इतक्या वजनाच्या माणसात विसाव्या वर्षी ही शांतता क्वचित दिसते. २०२२ मध्ये स्पेनमध्ये तो युवा गटात जगज्जेता झाला, ते उगाच नाही.

म्हणजे कौतुक व्हावं असं त्याच्यात भरपूर आहे. पण व्हाइटला धरून त्याच्या १३ व्यावसायिक लढती झाल्या, त्यांपैकी ११ नॉकआउट, आणि एकदाही तो सहाव्या फेरीच्या पुढे गेलेला नाही. जगज्जेतेपदाची लढत १२ फेऱ्यांची असते. सातव्या फेरीत हात जड झाल्यावर तो जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा) तितक्याच वेगाने मागे घेतो का, बरगडीत दोन-चार चांगले ठोसे खाल्ल्यावर पाय हलतात का, कापल्या भुवईतून रक्त डोळ्यात उतरत असताना डोकं थंड राहतं का, हे आज कुणीच सांगू शकत नाही. आणि तरीही ‘आता थेट उसिकशीच होऊ दे’ ही भाषा सुरू आहे!

असं पूर्वी घडून गेलंय. मे १९८१ मध्ये अमेरिकेच्या गेरी कूनीने केन नॉर्टनला ५४ सेकंदांत लोळवलं. नॉर्टनही तेव्हा ३७ वर्षांचाच होता, आणि ती त्याची शेवटची लढत ठरली. कूनीचा डावा हूक खरोखरच भयंकर होता, तो काही बनावट बॉक्सर नव्हता. पण १९८० च्या सुरुवातीपासून तेव्हाचा विजेता लॅरी होम्सशी गाठ पडेपर्यंत तो तीनदाच लढला. जिमी यंग चार फेऱ्या, रॉन लाइल एक फेरी, नॉर्टन एक फेरी. त्यानंतर वर्षभराहून जास्त काळ रिंगबाहेर. जून १९८२ मध्ये लॅरी होम्ससमोर तो शौर्याने झुंजला, पण कमरेखालच्या ठोशांसाठी गुण गमावले आणि तेराव्या फेरीत कोसळला (तेव्हा अशी लढत १५ फेऱ्यांची असे). इतकी लांब लढत कशी लढायची हे शिकायची संधीच त्याला कुणी दिली नव्हती. पुन्हा तो पहिल्यासारखा दिसला नाही. मला यात कूनीपेक्षा त्याच्या भोवतालच्या लोकांची चूक जास्त दिसते.

आता टायसनचं. २२ नोव्हेंबर १९८६ ला ट्रेव्हर बर्बिकला हरवून तो विजेता झाला तेव्हा २० वर्षे ४ महिन्यांचा होता, हे सगळ्यांना पाठ आहे. त्याआधी तो २७ लढती लढला होता, हे मात्र सोयीस्कर विसरलं जातं. त्या वर्षी एकट्या मे महिन्यात जेम्स टिलिस आणि मिच ग्रीन या दोघांनी त्याला पूर्ण दहा-दहा फेऱ्या खेळवलं. ऑगस्टमध्ये होसे रिबाल्टा दहाव्या फेरीपर्यंत उभा होता. मिठी मारणारा, पळणारा, मार खाऊनही न पडणारा, असे सगळे नमुने टायसनने बर्बिकच्या आधी पाहून घेतले होते. इटाउमालाही सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेत्याचा टायसनचा तो विक्रम मोडायचा होता. त्याची मुदत मे २०२५ मध्ये टळली, आणि मला त्याचा आनंदच झाला.

डोक्यावर घेणारे लोक पोरगा हरला की कसे वागतात, तेही सांगायला हवं. नोव्हेंबर २०२० मध्ये डॅनियल ड्युब्वा २३ वर्षांचा होता, १५ पैकी १५ लढती जिंकलेला, पुढचा विजेता म्हणून मिरवला गेलेला. जो जॉइसचा जॅब लागून लागून त्याचा डोळा बंद झाला, डोळ्याभोवतीचं हाड मोडलं, आणि दहाव्या फेरीत त्याने गुडघा टेकून लढत सोडली. कालपर्यंत जे त्याचे गोडवे गात होते त्यांनीच त्याला भित्रा ठरवलं. मोडलेल्या हाडानिशी नऊ फेऱ्या उभं राहिलेल्या माणसाला भित्रा! पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये त्याच ड्युब्वाने वेम्बलीवर जोशुआला पाचव्या फेरीत झोपवलं. हा त्याचा स्वतःचा चिवटपणा. डेव्हिड प्राइसच्या नशिबी तो दिवस आला नाही. ऑलिंपिक कांस्यपदक विजेता, १५ विजय, आणि २०१३ मध्ये टोनी थॉम्प्सनकडून एकाच वर्षात दोन पराभव. जॅरेड अँडरसनचंही ताजंच आहे. १७ विजयांनंतर ऑगस्ट २०२४ मध्ये मार्टिन बाकोलेने त्याला पाचव्या फेरीत संपवलं. इटाउमाच्या वाट्याला हे येऊ नये असं मला कळकळीने वाटतं.

म्हणून आपल्या क्रीडा विभागाला विनंती आहे. त्याची पुढची लढत छापताना प्रतिस्पर्ध्याचं वय आणि त्याच्या मागच्या दोन-तीन लढतींचे निकाल सोबत द्यावेत. किती सेकंद लागले याच्याइतकाच किती फेऱ्या झाल्या याचा उल्लेख व्हावा. एखादी लढत गुणांवर दहा फेऱ्या चालली तर ‘जादू ओसरली’ असा मथळा कृपया देऊ नये, कारण त्या रात्री तो सर्वांत जास्त शिकलेला असेल. माझं ऐकाल तर त्याला आधी हर्गोविच द्यावा, जो मार खाऊनही पुढे येत राहतो. मग अगित कबायेल, ज्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये झांग झिलेईसारखा धिप्पाड माणूस शरीरावर ठोसे मारून सहाव्या फेरीत बसवला. उसिक त्यानंतर. यात दोन वर्षं गेली तरी काही बिघडत नाही. सॉनी लिस्टनला हरवून अली विजेता झाला तेव्हा २२ वर्षांचा होता, आणि त्याच्या आदल्याच वर्षी डग जोन्सने त्याला दहा फेऱ्या दमवलं होतं आणि वेम्बलीवर हेन्री कूपरने खाली पाडलं होतं.

आपला,
एक वाचक